उंबरनाथ महाराज भात्यावर बसले

भाविकहो, श्री उंबरनाथ महाराज सातधोंडी गावाच्या वेशीवर उंबराखाली राहत होते, त्या काळातली ही हकिकत आहे. त्याच गावात हौसाबाई लोहारीण राहत असे. तिच्या परसातल्या छपराखाली काय काय होते, ते आधी नीट मोजून सांगतो. मातीची भट्टी एक. बकऱ्याच्या कातड्याचा भाता एक, त्याला ठिगळे तीन. ऐरण नव्हती, तिच्या जागी बाभळीच्या ओंडक्यात पक्का बसवलेला रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा होता. हातोडे दोन, सांडशी एक, पाण्याची दगडी डोणी एक. झिजलेल्या कानशी चार, कारण कानशीचे पोलाद सुरीला उत्तम. आणि मोडलेली पाती नऊ.

ती नऊ पाती का मोडली, हे समजल्याशिवाय महाराजांची कृपा समजणार नाही.

लोहाराच्या घरात भाता बाईने ओढायचा, घाव पुरुषाने घालायचा. हौसाबाईने लग्न झाल्यापासून भाता ओढला. धुराने तिचे डोळे कायमचे लाल झाले होते. पण पात्याला पाणी द्यायची, म्हणजे पोलाद कडक करायची वेळ आली, की बायांना बाहेर काढून दार लावायचे, अशी त्या भावकीची रीत होती. बाईची नजर पडली की पाणी बिघडते, असे ते म्हणत. बाहेर उभ्या असलेल्या बाईला फक्त आवाज ऐकू येई. एकदा चर्र. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा चर्र, पण हलका. मग दार उघडे आणि पुरुष तयार पाते घेऊन बाहेर येत.

नवरा तापाने गेला. दिवसकार्य आटोपताच भावकीने ऐरण उचलून नेली. हौसाबाईने हळूहळू आपले छप्पर उभे केले आणि सुऱ्या घडवायला लागली. पाते लालबुंद करून ती दोनदा पाण्यात बुडवी, कारण आवाज दोनदा यायचा. पाते काचेसारखे मोडे. दोन आवाजांच्या मधल्या शांततेत आत काय चालते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. जिच्या हातांनी भट्टी पेटती राहिली, तिलाच दाराबाहेर उभे करायचे आणि मग तिचे पाते मोडले म्हणून हसायचे, याला न्याय म्हणायचे काय?

हसणाऱ्यांत पहिला होता मल्हारी मेस्त्री, तिच्या नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ. एके दिवशी तो पंचांना घेऊन परसात आला आणि रुळाच्या तुकड्यावर त्याने पायाचा अंगठा टेकवला.

"हौसा, ही काय भातुकली मांडलीस?"

"सुऱ्या करतेय, दादा."

"आणि भाता कोण ओढतं?"

"मीच ओढते, मीच ठोकते."

"म्हणजे तू भाता सोडून हातोड्याकडे येईस्तोवर लोखंड निवलेलं. अगं, लोहाराला भात्यावर बायको लागते. तू आधी एक बायको करून आण, मग दुकान मांड."

पंच पोट धरून हसले. हौसाबाई म्हणाली, "हसून झालं असेल तर अंगठा काढा, दादा. ती माझी ऐरण आहे."

मल्हारीला हे फार झोंबले. त्याने तिथेच पंचांकडून ठराव करून घेतला. येत्या सोमवारी हौसाने सर्वांसमोर सुरी घडवायची. त्या सुरीने बैलाच्या नालेचा खिळा तोडायचा. पाते मोडले किंवा वाकले, तर छप्पर पाडायचे आणि तिने मल्हारीच्या भात्यावर कामाला यायचे. "भाकर मिळेल दोन वेळची," जाताना तो म्हणाला, "मी काही वाईट माणूस नाही."

हौसाबाई रोज पहाटे उंबराखालची जागा झाडून काढत असे. त्या दिवशी ती दुपारीच गेली आणि महाराजांपुढे बसली. तिने रडणे वगैरे काही केले नाही. म्हणाली, "महाराज, मला त्या भात्यावर जायचं नाही. तिथं मेले तरी मला दाराबाहेरच काढतील."

महाराज म्हणाले, "सोमवारी भट्टी पेटव. मी येतो."

सोमवारी सगळा गाव परसात जमला. महाराज आले, छपराखाली शिरले आणि थेट भात्यावर जाऊन बसले. लोक गडबडले. मल्हारी पुढे धावला. "महाराज, उठा. ती जागा बायांची आहे."

"हिला बायको हवी होती ना? मी आलोय," महाराज म्हणाले. "आणि जागा बायांची आहे म्हणून वाईट आहे का? मग इतकी वर्षं तिथं कोणाला बसवलंत?"

मल्हारी बाजूला झाला. महाराजांनी भाता ओढला, कोळसे फुलले आणि हौसाबाईने घाव घातले. कानस लांबली, पसरली, तिला टोक आले. मग पाते लाल करून तिने डोणीत बुडवले. चर्र आवाज झाला. आणि ती तशीच उभी राहिली.

"पुढं काय, महाराज?"

"मला ठाऊक नाही, बाई. मी लोहार नाही. मल्हारीला ठाऊक आहे. मल्हारी, सांग हिला."

मल्हारीने मान फिरवली. "ते बायांसमोर सांगायचं नसतं."

महाराजांचा आवाज त्या गावाने पूर्वी कधी चढलेला ऐकला नव्हता. तो चढला. "हिनं फुंकलेल्या विस्तवावर तुमची घरं चालली, आणि विस्तवात काय होतं ते हिनं पाहायचं नाही? विद्या दाराआड कोंडून ठेवता आणि बाहेरच्याला अडाणी म्हणता? तू सांगू नकोस. पोलादच सांगेल."

त्यांनी पाते हाती घेतले आणि आपल्या धुनीची राख लावून चांदीसारखे चमकेपर्यंत घासले. मग पाठीची कड निखाऱ्यांकडे करून ते भट्टीच्या काठावर ठेवले आणि भाता अगदी हळू ओढला. चकाकत्या पोलादावर रंग उमटू लागले. पाठीकडे निळा, त्याच्यापुढे जांभळा, मग तपकिरी, आणि सर्वांत पुढे धारेकडे सरकणारा फिकट पिवळा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. असे हलके तापवल्याने कडक पात्याचा ठिसूळपणा जातो, पण तापत्या पोलादावरचे हे रंग थांबत नाहीत. पिवळा धारेवर पोचतो आणि पाहता पाहता निळा त्याला गिळतो, तशी धार मऊ पडते, म्हणून पिवळा असतानाच पाते पाण्यात बुडवावे लागते. ज्याला शंका असेल त्याने घासलेले पाते तापवून पाहावे.

पिवळा धारेवर पोचला, तेव्हा महाराज म्हणाले, "थांब."

रंग थांबला. खाली निखारे फुललेले होते, पाते तापतच होते, पण रंग हलेना. छपराची सावली ओंडक्यावरून डोणीपर्यंत सरकली, तरी हलेना.

"या, जवळ या," महाराज बायांना म्हणाले. "घाई नाही. सगळ्यांनी बघा."

आधी कोणी पुढे येईना. मग शेजारची चिंगूबाई कुंभारीण आली, वाकली आणि म्हणाली, "हा तर गव्हाच्या काडाचा रंग गं, हौसा." तिच्या मागून लोहारांच्या घरच्या बाया आल्या. मल्हारीची बायको सर्वांत शेवटी आली आणि सर्वांत जास्त वेळ पाहत राहिली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "एवढंच होतं होय?"

 हा रंग पकडण्यात मल्हारीचा जन्म गेला होता, आणि तो कोणाच्या शब्दाने थांबेल असे त्याला स्वप्नातही वाटले नव्हते. त्याने पागोटे काढले आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझ्याजवळ काय आहे? तिच्या ऐरणीला लाग पाया."

मल्हारी रुळाच्या तुकड्यापुढे गुडघ्यांवर बसला आणि त्याने कपाळ लोखंडाला टेकवले. 

हौसाबाईने पाते सांडशीने उचलून डोणीत बुडवले. हलका चर्र आवाज झाला. पाते पुसून, बाभळीची मूठ बसवून तिने सुरी त्याच्यापुढे धरली.

"नुसतं पाया पडून भागायचं नाही, दादा. ठराव पंचांचा आहे. खिळा ठेवा आणि घाव तुम्हीच घाला."

मल्हारीने खिळा ऐरणीवर आडवा ठेवला, त्यावर सुरीची धार टेकवली आणि पाठीवर हातोडा मारला.

खिळ्याचे दोन तुकडे झाले. एक तुकडा दीड बोटाचा, दुसरा एका बोटाचा. पाते सरळ होते. धारेला खाच नव्हती.