हुप्प्याची हाक आणि हरणांचे कान

एका जंगलात, डोंगर उतरून ओढ्याला भेटतो त्या कुरणात, ठिपकेदार हरणांचा एक कळप राहत असे. कुरणाच्या मधोमध जुना बेहडा होता आणि त्या बेहड्यावर एका हुप्प्याने, म्हणजे काळ्या तोंडाच्या वानराने, आपलं बस्तान बसवलं होतं. हरणांचा नि त्याचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. तो वर बसून पालवी खाई, निम्मी खाली सांडी, ती हरणं वेचत. हरणांचं नाक तिखट, वानराची नजर लांबची. हरणांना वास आला की वानर सावध होई. आणि बिबट्या दिसला की हुप्प्या घशातून ‘खक्‌! खर्र, खक्‌!’ असं खाकरे, की हरणं शेपट्या उभारून ओढ्यापार! कुणाचे कुणावर उपकार नाहीत. असा व्यवहार टिकतो, मुलांनो.

पण या हुप्प्याला एक खोड होती. त्याला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि आलेलं मत त्याच्या पोटात ठरत नसे. दुपारी हरणं सावलीत रवंथ करत बसली की वरून याचं सुरू.

“पाण्यावर आधी शिंगवाले जातात नि गाभण्या माद्या मागे ताटकळतात. ही कुठली रीत? दोन जिवांची तहान तिला, नि मान आधी याची!”

“त्या जांभळाखाली म्हणे चरायचं नाही. का, तर तिथे तुमचा पणजोबा मेला. अरे, पणजोबा जाऊन पावसाळे लोटले, गवत काय सुतक पाळतंय?”

आणि एकदा तर म्होरक्या समोर असताना म्हणाला, “टकरीत जिंकला तो म्होरक्या! त्यातून कळतं काय? तर याचं डोकं आपटून फुटत नाही, एवढंच.”

माद्या माना खाली घालून हसल्या. म्होरक्या हसला नाही. मोठा देखणा नर तो, शिंगं अशी की फांद्या फुटल्यात. त्याला ऊन सोसे, भूक सोसे, पण हसणं सोसत नसे.

याच कळपात एक तरणी हरिणी होती. तिचं पहिलंच पाडस होतं, अजून पाय लटपटणारं. या हरिणीला हुप्प्याची काही मतं पटत, काही अजिबात पटत नसत. त्या उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगराला वणवा लागला आणि होरपळलेल्या नीलगाईंचा जथा ओढ्याकाठी येऊन उभा राहिला. कळपात एकच गलका झाला. हाकला म्हणणारे पुष्कळ, आणि त्यांत ही हरिणी सगळ्यांच्या पुढे.

“येऊ द्या की,” हुप्प्या वरून म्हणाला, “जळतं घर सोडून आल्यात त्या.”

“तुम्हाला काय हो, हुप्पेभाऊ?” हरिणी उसळून म्हणाली. “तुम्ही झाडावर! गवत आमचं संपतं, तुमची पालवी नाही. अंगावर पिणारं पोर आहे माझं. दूध कुठून आणू?”

“गवत तुझं कधी झालं गं? पेरलंस का तू?”

“आणि तुम्ही लावलात वाटतं बेहडा? मग उतरा खाली नि द्या तो नीलगाईंना!”

आता सगळा कळप हसला आणि हुप्प्याही हसला. “जीभ आहे हो पोरीला!” म्हणाला. हरिणीला मात्र दुपारभर त्याचा राग होता. असं होतं. बाजारात एखादा भुसारवाला असतो बघा, तोंडाचा फाटका. गिऱ्हाईक त्याच्याशी तावातावाने भांडून पायऱ्या उतरतं, नि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच तराजूखाली पिशवी धरतं. कारण भांडण त्याच्या जिभेशी असतं, तराजूशी नसतं. हरणांचंही आजवर असंच चाललं होतं. दुपारी भांडायचं, आणि सांजेला तो खाकरला की मुकाट पळायचं.

म्होरक्याने मात्र टकरीवरून झालेलं ते माद्यांचं हसणं मनात धरून ठेवलं होतं. नीलगाईंच्या निमित्ताने कळप तापलेला बघून तो मधोमध येऊन उभा राहिला.

“ज्याच्या डोक्यात असली मतं, त्याच्या घशात खरं कसं असेल? तो खाकरतो नि आपण पळतो. आपण गेलो की कुरण मोकळं! कुणासाठी, ते तुम्हीच ओळखा. आजपासून त्याच्या खाकरण्यावर ज्याचे कान हलतील, तो त्याच्या मताचा. आणि जो त्याच्या मताचा, त्याने काठावर चरायचं.”



काठ म्हणजे काय ते हरणांना सांगावं लागत नाही. कळप चरतो तेव्हा पिल्लं नि त्यांच्या आया मधे, धट्टेकट्टे बाहेर. आणि अगदी काठावर, जिथे गवत संपून घाणेरीची जाळी सुरू होते, तिथे कुणी आपल्या पायाने जात नाही. कारण जाळीला डोळे असतात.

त्याच सांजेला हुप्प्या खाकरला. कुणी हललं नाही. फक्त एका म्हाताऱ्या हरिणीचे कान जन्माच्या सवयीने चटकन उभे राहिले.

“आजी, काठावर,” म्होरक्या म्हणाला.

“अरे बाबा, मत कसलं नि काय! सवय आहे रे कानांना!”

“काठावर.”

म्हातारी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बघत गेली. तिने ज्यांना लहानाचं मोठं होताना पाहिलं होतं, ते सगळे गवतात काहीतरी शोधू लागले. सकाळी जाळीपाशी म्हातारी नव्हती. गवत एका ओळीत दबलेलं होतं आणि ती ओळ जाळीत जात होती.

“वय झालं होतं,” म्होरक्या म्हणाला. “वाट चुकली असेल.”

“चुकली असेल,” कुणीतरी म्हणालं. “हो, हो, चुकलीच असेल,” बाकीचे म्हणाले. गुळाच्या ढेपेला एक मुंगळा लागला की मागोमाग रांग लागते, भीतीचंही तसंच. आमची हरिणीही म्हणाली, “चुकली असेल.”

त्या दिवसापासून कळपाची तऱ्हाच बदलली. कान हलला की मेलो, अशी धास्ती. हरणाच्या कानावर माशी बसली की कान आपसूक फडफडतो. पण आता माशा कानांवर खुशाल बसून राहत आणि हरणं डोळ्यांत पाणी आणून ते सोसत. कारण शेजारचा बघतोय. शेजारीही तेच सोसत होता, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

“आई, कान चावतोय,” पाडस म्हणे.

“चावू दे.”

“हलवू?”

“नको, माझ्या राजा. अगदी नको.”

आपल्या पोराला सावधपणा शिकवायच्या दिवसांत आपण त्याला बहिरेपणा शिकवतोय, हे हरिणीला कळत होतं. दुपारी ती हळूच जावेजवळ सरकली. जाऊ तिच्याच वयाची, मायाळू, पण भित्री.

“जाऊबाई, खरंच तो दिसला तर काय करायचं हो?”

“हळू बोल गं बाई!” जाऊ इकडेतिकडे बघत म्हणाली. “म्होरके सांगतील ना. ते पळा म्हणाले की पळायचं. आपण कशाला आपल्या डोक्यावर घ्यायचं?”

इकडे जाळीत बिबट्या होता. त्याला पाण्याच्या रितीशी, नीलगाईंशी, कुणाच्याच मताशी देणंघेणं नव्हतं. आजवर हुप्प्या खाकरला की तो समजे, आपलं बिंग फुटलं, आणि मुकाट निघून जाई. म्हातारीनंतरही काही दिवस तसंच झालं, की म्होरक्या म्हणे, “बघा! कुठे आला बिबट्या? खोटारडा मेला!” पण शिकारी दुकानदारासारखा असतो, गिऱ्हाइकाचा चेहरा वाचतो. हाक येते, तरी मान एकही वर होत नाही, हे त्याने पाहिलं. दुसऱ्या खेपेला तो थोडा पुढे आला. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी थोडा.

आणि एका सांजेला वारा ओढ्याकडून डोंगराकडे वाहत होता. जाळी डोंगराच्या बाजूला, त्यामुळे हरणांच्या नाकाला तिचा वास येणं शक्य नव्हतं. कुरणावर पिवळा उजेड होता, बघता बघता तो विटत चालला होता.

“खक्‌! खर्र, खक्‌!”

कुणी हललं नाही.

“खक्‌! खक्‌! खक्‌!” फांद्या गदगदा हलू लागल्या. पानं खाली पडली. एरवी ती खायला हरणं धावली असती. आता माना खाली घालून सगळी त्याच त्याच गवतावर तोंड फिरवत होती; चावत कुणीच नव्हतं.

“आई,” पाडस तिच्या पोटाला घुसलं, “पळायचं ना?”

“गप. मान वर करू नकोस.”

पण तिने स्वतःची नजर तेवढी तिरपी केली. जाळीच्या कडेचं गवत हललं. वारा पाठीवर होता, तरी गवत वाऱ्याच्या उलटं हललं. पळावं, तर उद्या काठ. न पळावं, तर आत्ताच. आणि पोटाला हे ऊबदार अंग, विश्वासाने टेकलेलं.

तेवढ्यात हुप्प्या सर्वांत खालच्या फांदीवर उतरला. हुप्पे इतके खाली उतरत नाहीत; बिबट्याची उडी त्यांनाही ठाऊक असते. त्याचा आवाज चिरकला होता.

“अरे, माझं सगळं खोटं धरा! नीलगाई हाकला, पाणी आधी शिंगांना पाजा, पणजोबाच्या जांभळाला हात जोडा! माझी मतं घाला चुलीत, पण पळा! आत्ता पळा!”

“बघा, बघा!” म्होरक्या मान ताठ करून म्हणाला. “आता मतंही बदलली. लबाडाला कसलं आलंय मत!”

हरिणीने एक पाय उचलला. तो पाय क्षणभर हवेतच राहिला. मग तिने तो जमिनीवर आपटला. धप्‌! हरणांची ही जुनी खूण, नुकत्याच जन्मलेल्या पाडसालाही कळणारी. तिने शेपटी उभारली, पाडसाला ढुशी दिली आणि ती उधळली.

“कोण आहे ती? काठावर! काठा—”

म्होरक्याचं बोलणं खुरांच्या आवाजात बुडालं. पांढरी शेपटी समोर उभी दिसली की हरणाचे पाय त्याला विचारत नाहीत. निम्मा कळप तिच्यामागे सुटला, मग उरलेल्यातला निम्मा. ओढ्यात पाणी उडालं, दगड घसरले, पाडस एकदा गुडघ्यांवर पडलं नि उठलं. पलीकडच्या तीरावर चढून हरिणीने मागे वळून पाहिलं.

जाऊ अजून तिथेच उभी होती. तिचे चारी पाय पळायच्या बेतात वाकलेले होते, पण नजर म्होरक्याकडे होती. परवानगीची वाट बघत होती ती. जाळीतून पिवळं काहीतरी सुटलं, आणि तिची नजर शेवटपर्यंत म्होरक्याकडेच राहिली.

म्होरक्या तेव्हा पळाला. देखणी शिंगं पाठीवर टेकवून, सगळ्यांत जोरात.

पलीकडे काळोख पडला. सगळ्यांच्या बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या. म्होरक्याने श्वास सावरला, अंग झटकलं आणि तो हरिणीसमोर येऊन उभा राहिला.

“तू त्याच्या मताची निघालीस.”

पाडस तिच्या दोन पायांच्या मधे होतं. “नाही,” ती म्हणाली. “नीलगाईंचं त्याचं म्हणणं मला आजही पटत नाही. उद्या दुपारी मी त्याच्याशी भांडणार आहे. पण भांडायला मी जिवंत तर हवी ना? त्याने गवताबद्दल काय सांगितलं ते त्याचं मत होतं. जाळीबद्दल सांगितलं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दोन्हींना एकाच कानाने कसं ऐकायचं?”

“काठावर,” म्होरक्या म्हणाला.

ती गेली. या तीरावरही जाळ्या होत्या, काळ्याकुट्ट. ती पाडसाला आतल्या बाजूला घेऊन, कान ताठ उभे करून, जाळीकडे तोंड करून उभी राहिली. एवढी भीती तिला जन्मात वाटली नव्हती. पण कान उभे करता येत होते, आणि त्या भीतीतही तेवढं एक बरं वाटत होतं.

कळपात बंड वगैरे काही झालं नाही. भ्यालेले लोक बंड करत नाहीत, मुलांनो. एक मादी नुसती गवत हुंगल्यासारखं करत दोन पावलं हरिणीकडे सरकली. मग दुसरी, जणू तिकडचं गवत जरा बरं आहे. एक नर अंग खाजवायला म्हणून तिकडच्या झाडापाशी गेला नि तिथेच थांबला. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, कुणी काही बोलत नव्हतं. पण जो तो तिच्याजवळ जाई, तिथे उभा राही आणि गपचूप कान उभे करी. पिल्लं आपोआप त्यांच्या मधे येत गेली.

म्होरक्या आपल्या जागेवरून तसूभरही हलला नव्हता. उजाडलं तेव्हा त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सगळा कळप हरिणीभोवती एकवटला होता. आणि त्याच्या पाठीमागे, मधे कुणीच न उरता, घाणेरीची जाळी होती.

तात्पर्य : ज्याचं मत पटत नाही, त्याच्याशी खुशाल भांडावं, पण त्याने दिलेली धोक्याची हाक केवळ त्याची म्हणून कानाआड करू नये. आणि जो तुमचे कान मिटायला सांगतो, त्याच्या परवानगीची वाट बघत उभं राहू नये.