चंद्र बरोबर का येतो

“...पण उत्तर तर बरोबर होतं, भंते. मग पोरगी गप्प का झाली?”

विहाराच्या ओसरीवर बसून शीलरत्न भंते समोरच्या माणसाकडे पाहत राहिले.

तो दीपंकर मेश्राम. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा आणि रविवारी सकाळी रेडिओवर लोकांच्या शंकांना उत्तरं द्यायचा. बर्फ पाण्यावर का तरंगतो, मोबाइल तापतो कशानं, शून्य लिहायला कुणी सुरुवात केली. विचारणाऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आधी त्याचं उत्तर तयार असे. याचा त्याला अभिमान होता आणि तो लपवण्याची गरज त्याला कधी वाटली नव्हती.

उन्हाळ्यात त्याची बायको वंदना गेली. तिच्या माहेरी, याच गावात, तिला निरोप दिला. त्या दिवशी परित्राणपाठ भंतेंनीच म्हटला होता. संध्याकाळी बापलेक जीपनं घरी निघाले. उत्पला, नऊ वर्षांची, खिडकीला डोकं टेकून बसली होती. बराच रस्ता गेल्यावर तिनं विचारलं, “बाबा, चंद्र आपल्याबरोबर का येतोय?”

दीपंकरनं समजावून सांगितलं. झाडं जवळ असतात म्हणून मागे पळतात. चंद्र फार लांब आहे, म्हणून तो तिथल्या तिथे दिसतो. तो बरोबर येत नाही, आपल्याला नुसतं तसं वाटतं.

“बरं,” ती म्हणाली.

तेव्हापासून तिनं त्याला काहीच विचारलं नव्हतं. जेवायची, शाळेत जायची, विचारलं तेवढं सांगायची. पूर्वी जी पोर त्याला धड चहा पिऊ देत नसे, ती...

“चुकलं का माझं उत्तर?”

“नाही.”

“अवघड झालं असेल तिला?”

“नाही.”

“मग?”

दीपंकरला वाटलं, भंतेंच्याच नीट ध्यानात आलं नसावं. त्यानं अंगणातल्या धुळीत बोटानं रस्ता काढला, झाड काढलं, लांबवर चंद्र काढला, रेघा ओढल्या. भंतेंनी चित्र लक्ष देऊन पाहिलं. मान हलवली.

“बरं,” ते म्हणाले.

दीपंकरला कसनुसं झालं. का, ते त्याला कळेना.

ऊन उतरलं तसा तो वंदन करून उठला. शेवटची एसटी फाट्यावरून मिळणार होती. भंतेंनीही चीवर सावरलं, काठी घेतली आणि त्याच्याबरोबर टेकडी उतरू लागले.

त्यांना काहीतरी दाखवायचं असेल, असं त्याला वाटलं. तळं आलं. तिथे ते थांबले नाहीत. म्हणजे कुणाला तरी भेटवायचं असेल. गाव आलं आणि मागे पडलं. भंते कुणाशी बोलले नाहीत. त्यानं आभाळाकडे पाहिलं. अमावास्या जवळ आलेली, तिथेही काही नव्हतं.

उतारावर भंतेंचे गुडघे धरले. दोनदा ते काठीवर वाकून उभे राहिले. मागे फिरा, मी जाईन, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. भंते हसले आणि पुन्हा चालू लागले.

मग त्यानंही बोलायचं सोडलं. रस्ताभर काठीचा आवाज तेवढा येत होता. त्यानं चाल मंद केली.

फाट्यावर दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. लांब वळणावर गाडीचे दिवे दिसले.

शेवटी दीपंकरला राहवलं नाही.

“भंते, तुमचं इकडे काही काम नव्हतं. पाय दुखताहेत. मग... मग माझ्याबरोबर का आलात?”

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं.

“तूच सांग, दीपंकर. उत्तरं तुला येतात.”