जावयाची चरबी

कण्हेरवाडीत हिरामण नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? एकदा एसटीत त्यानं पाटी वाचली, ‘हात बाहेर काढू नये’. गाव आलं, सगळे उतरले, हा आपला बसूनच. कंडक्टर म्हणाला, "उतर की बाबा." हा म्हणाला, "उतरलो असतो, पण हात कुणापाशी ठेवून उतरू?" तर असा माणूस.

त्याची आई मात्र शहाणी होती. डोळे मिटण्याआधी ती त्याला सांगून गेली, "हिरामणा, तुला अक्कल यायची नाही. पण शहाणी माणसं सांगतील ते गाठीला बांधत जा." तेव्हापासून हिरामणच्या खांद्यावर कायम टॉवेल. कुणी काही सांगितलं की हा टॉवेलाला एक गाठ मारायचा आणि म्हणायचा, "आलं ध्यानात."

अंगानं हा हडकुळा. सदरा काढला तर लांबून बरगड्या मोजाव्यात. घरात दोन म्हशी, त्यातली एक गाभण, आणि रंजना नावाची बायको. रंजना हुशार होती. तिनं याच्यात काय पाहिलं हे गावाला कधी कळलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "खोटं बोलत नाही तो. त्याला येतच नाही." दोघांचं बरं चाललं होतं.

मग आला धोंड्याचा महिना. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलवायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आपली रीत. हिरामण रंजनाला घेऊन सासरवाडीला गेला. सासरे दौलतराव म्हणजे बडं प्रस्थ. गावात त्यांचं वजन होतं, अंगावर त्याहून जास्त होतं. ते शेतावर गेले होते. सासूबाईंनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, "लाजू नका जावईबापू. आपलंच घर समजा."

हिरामणनं गाठ मारली. "आलं ध्यानात, मामी."

सासूबाई आणि रंजना स्वयंपाकघरात गेल्या. हिरामणनं सदरा काढून खुंटीला अडकवला. दौलतरावांची एक आरामखुर्ची होती. तिच्यात त्यांच्याखेरीज कुणी बसत नसे, मांजरसुद्धा. हिरामण तीत ऐसपैस बसला. थोड्या वेळानं दौलतराव आले. हिरामण बसल्या जागेवरून म्हणाला, "या मामा, या. बऱ्याच दिवसांनी वाट चुकलात. चपला बाहेर काढा. बसा त्या पोत्यावर. जेवूनच आला असाल ना?"

दौलतरावांचा चेहरा लाल झाला. "जावईबापू, तुम्हाला फार चरबी चढलीय."

हिरामणनं स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. मग पाठीकडे पाहायचा प्रयत्न केला. "कुठं, मामा?"

"वर कुठं म्हणून विचारता? आधी ती चरबी उतरवा, मग पोरीला न्यायला या. चरबीवाल्या घरात माझी पोरगी राहणार नाही."

रंजना मध्ये बोलायला गेली, पण दौलतरावांपुढे त्या घरात कुणाचं चालत नसे. धोंडे ताटातच राहिले. हिरामणनं दुसरी गाठ मारली आणि एकटाच घरी आला. शेजारीण हळहळली, "बायकोवाचून घर खायला उठत असेल रे." ते ऐकून हा घाबरून अंगणातच राहू लागला.

पण अंगणात बसून बायको परत येत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. रंजना त्याला फार हवी होती. डेअरीवर दूध घालताना त्यानं भानुदास सेक्रेटरीला विचारलं, "भाऊ, चरबी कुठं उतरवून मिळते?"

भानुदास म्हणाला, "कुणाची? तुझी? अरे, तुझ्यापेक्षा तुझ्या म्हशीच्या दुधाला फॅट जास्त लागते." तरी हा हटेना. तेव्हा भानुदासनं चेष्टेत सांगितलं, "जिल्ह्याला एक डॉक्टर आहे. नळी घालून ओढून काढतो म्हणे." भानुदास हसत राहिला आणि हिरामणनं दोन म्हशींतली एक विकून जिल्ह्याची गाडी धरली.

डॉक्टर सबनीसांच्या दवाखान्यात गार हवा होती आणि भिंतीवर बारीक कमरेच्या बायकांचे फोटो होते. डॉक्टरांनी हिरामणला वरपासून खालपर्यंत पाहिलं. दुसरा कुणी असता तर त्यानं याला दोन केळी देऊन घरी धाडलं असतं. पण डॉक्टरांनी नवीन मशीन आणलं होतं आणि त्या आठवड्यात मशीन रिकामं बसून होतं. त्यांनी हिरामणच्या पोटाला चिमटा घेतला. हातात नुसती कातडी आली.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "थोडीशीच आहे, पण हट्टी आहे."

"मामांचंही तेच म्हणणं."

"हे बघा, यानं वजन कमी होत नाही बरं का. फक्त आकार येतो. आणि उद्या सकाळी उपाशी या."

हिरामणनं गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे छे, कडक उपास आहे. साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी, राजगिऱ्याचा लाडू आणि वर पेलाभर दूध. बाकी अन्नाचा कण नाही."

ऑपरेशन राहिलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, उपाशी म्हणजे तोंडात काही घालायचं नाही. काही म्हणजे काही नाही."

"आलं ध्यानात." गाठ.

पुढल्या दिवशी नर्स ताप बघायला आली. हिरामणनं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं. तिनं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, दोन वॉर्डबॉयनी हनुवटी धरली. शेवटी ते थर्मामीटर काखेत गेलं. डॉक्टर वैतागले. "इथं नन्नाचा पाढा चालणार नाही. आमच्या माणसांनी काही विचारलं की हो म्हणायचं."

"आलं ध्यानात." गाठ.

मग एक मुलगी फॉर्म भरायला आली. ती मान वर न करता विचारत गेली. "बिडी ओढता?" "हो." "दारू घेता?" "हो." "साखर आहे?" "हो." "याआधी ऑपरेशन झालंय?" "हो." "कशाचं?" "हो." "गरोदर आहात का?" "हो." मुलीनं सगळीकडे बरोबरच्या खुणा केल्या. फॉर्म डॉक्टरांपुढे गेला. डॉक्टर फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलता खाली सही केली. आता तुम्हीच सांगा, त्या दवाखान्यात भोळा नक्की कोण होता.

झालं ऑपरेशन. त्या हाडाच्या सापळ्यातून मशीननं अर्धी वाटी चरबी ओढली. ती कुठून मिळाली ते मशीनलाच ठाऊक. हिरामण शुद्धीवर आला तेव्हा पोट ठणकत होतं, अंग काळंनिळं पडलं होतं आणि पोटावर घट्ट पट्टा होता. आत गेला तेव्हा काडी होता, आता चांगला गुबगुबीत दिसत होता.

"डॉक्टर, ही वाढली की हो."

"ती सूज आहे. सूज येणारच, घाबरायचं नाही. सूज आली की पट्टा. सहा आठवडे काढायचा नाही. वजन उचलायचं नाही. तीन महिन्यांत फरक दिसेल. आणि लक्षात ठेवा, इथली चरबी आता परत येत नाही, पण सांभाळलं नाही तर ती दुसरीकडे जाऊन बसते."

हिरामणचा टॉवेल पुरेना. त्यानं गाठीवर गाठ मारली. निघताना म्हणाला, "मला लेखी द्या. मामांना दाखवायचंय." नर्सनं सगळे कागद पाकिटात घालून दिले.

घरी आल्यावर काय, डेअरीचं कॅन उचलायचं बंद. पाण्याची घागर बंद. भानुदासनं सत्यनारायणाला बोलावून नारळ हातात दिला, तर हा म्हणाला, "खाली ठेव भाऊ, वजन उचलायचं नाही." पूजेच्या गुरुजींनी तो खाली ठेवला आणि याला लांबूनच नमस्कार करायला लावला.

महिनाभरानं त्यानं पाहिलं, म्हशीचं पोट फुगलेलं. दुसरा कुणी असता तर पेढ्यांच्या तयारीला लागला असता. हिरामण म्हशीला म्हणाला, "घाबरायचं नाही. सूज आहे." आणि नाडे, सुतळी, रंजनाचं जुनं लुगडं जोडून त्यानं म्हशीच्या पोटाला करकचून पट्टा बांधला. म्हशीनं मान वळवून पट्ट्याकडे पाहिलं, मग हिरामणकडे पाहिलं, आणि बरोबर ऑपरेशनच्या जागेवर लाथ घातली. शेजाऱ्यांनी धावत येऊन म्हशीला सोडवलं. हिरामणला सोडवायची कुणाला घाई नव्हती. पुढे आठ दिवसांनी पारडू झालं, तेव्हा हा सगळ्यांना सांगत सुटला की सूज उतरली.

तीन महिने भरले. हिरामण पाकीट घेऊन सासरवाडीला गेला. दौलतराव अंगणात आरामखुर्चीत बसले होते. तीन महिन्यांत त्यांचं पोट आणखी पुढे आलं होतं, खुर्चीच्या दोन्ही हातांना टेकत होतं. कुंपणापाशी चार शेजारी जमले. हिरामणनं सदरा वर करून टाक्यांच्या खुणा दाखवल्या. "मामा, उतरवली. नळी घालून काढली. लेखी आणलंय."

दौलतरावांनी कागद वाचले. "काढलेली चरबी, अर्धी वाटी. रुग्णाची माहिती. दारू, हो. गरोदर, हो." त्यांनी पुन्हा एकदा वाचलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

रंजना मात्र हसता हसता रडायला लागली. जो माणूस सुई टोचायची म्हटलं की गोठ्यात लपायचा, त्यानं तिच्यासाठी पोट फाडून घेतलं होतं. "बाबा, पुरे झालं आता," ती म्हणाली.

दौलतराव खुर्चीत आणखी रेलले. "कागदानं चरबी उतरत नसते. या घरात माझा शब्द चालतो. चरबीवाल्या घरात माझी पोरगी राहणार नाही म्हणजे नाही."

हिरामण त्यांच्या पोटाकडे टक लावून बघत होता. त्यानं टॉवेलावरची एक गाठ चाचपली. "मामा, घाबरू नका. डॉक्टर म्हणालेच होते. परत येत नाही, पण दुसरीकडे जाऊन बसते. माझी सगळी तुमच्यावर येऊन बसलीय."

कुंपणापाशी एकजण खोकला. मग सगळेच खोकले. सासूबाई पदर तोंडाला लावून घरात पळाल्या. तीस वर्षांत त्या घरात कुणी एवढं हसलं नव्हतं.

रंजना गंभीर तोंडानं म्हणाली, "बाबा, शब्द तुमचाच. चरबीवाल्या घरात मी राहू कशी?" आणि आत जाऊन तिनं आपली ट्रंक बाहेर आणली. दौलतराव पाणी प्यायला म्हणून उठून आत गेले.

तेवढ्यात लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला. रंजना म्हणाली, "उचला ट्रंक."

"वजन उचलायचं नाही."

रंजनानं डोक्यावर ट्रंक घेतली. "मी पुढं होते, तुम्ही पाया पडून पटकन या." ती धावतच फाट्यावर गेली.

हिरामण निरोप द्यायला बाहेर आलेल्या सासूबाईंच्या पाया पडला. "जातो, मामी."

"जावईबापू," सासूबाई मायेनं म्हणाल्या, "जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

टॉवेलाला एकच टोक उरलं होतं. हिरामणनं त्याला गाठ मारली. "आलं ध्यानात. येतो, मामी."

तो फाटकापर्यंत गेला आणि थबकला. आपण येतो म्हणालो, आणि हे तर जाणं झालं. हिरामण खोटं बोलत नसे, त्याला येतच नसे. तो माघारी वळला.

फाट्यावर एसटी गच्च भरली होती. रंजनाला वाटलं, नवरा मागं कुठंतरी उभा असेल. गाडी सुटली. रंजना नवऱ्याच्या घरी निघाली.

दौलतराव तोंड पुसत बाहेर आले. पाहतात तो हिरामण सदरा काढून आरामखुर्चीत ऐसपैस बसलेला.

"या मामा," हिरामण म्हणाला. "उभे का? बसा त्या पोत्यावर. लाजू नका, आपलंच घर समजा."