केरबाचं तिसरं लग्न

एका गावात एक भोळा पाटकरी होता. नाव केरबा. कालव्याचं दार उघड म्हटलं की उघडायचा आणि बंद कर असं कुणी म्हणेपर्यंत तिथंच बसून राहायचा. अर्ध्या गावाचा ऊस पाण्यात गेला, पण नोकरी कशीबशी पार पडली आणि केरबाला पेन्शन सुरू झाली.

पहिली बायको वारल्यावर काही वर्षांनी त्याने हौसाबाईशी लग्न केलं. हौसा तोंडाची फटकळ, मनाची मायाळू. केरबाचा तिच्यावर भारी जीव. आपल्या माघारी हिला कुणापुढे हात पसरायला लागू नये, एवढीच त्याला काळजी. म्हणून तो तालुक्याच्या पेन्शन कचेरीत तिचं नाव लावायला गेला.

तिथले चौगुले भाऊसाहेब म्हणाले, "लग्न कधी झालं?"

"गेल्या साली."

"आणि आज सांगताय? लग्न झालं की तडक कळवायचं असतं. जा, पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला आणा. झेरॉक्स नको, मूळ आणा."

"बरं, म्होरल्या येळी तसंच करतो," केरबा म्हणाला.

दाखला आला. भाऊसाहेब म्हणाले, "आता नवरा-बायकोचा फोटो आणा."

केरबाने भाकऱ्या थापत बसलेल्या हौसाला उठवलं आणि पिठाच्या हातांनी कचेरीत आणून उभी केली.

"फोटो कुठाय?"

"नक्कल चालत न्हाई म्हणालासा. मूळच आणलीया."

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. हौसा फणकारली, "अवो, म्होरं काय लागंल त्ये आधीच आणून द्यावं. किती हेलपाटं घालायचं माणसानं?"

"बरं, म्होरल्या येळी तसंच करतो."

एकदाचा फोटो लागला, हौसाचं नाव चढलं. निघताना केरबाने विचारलं, "मग हिला पेन्शन कवा मिळंल?"

"तुमच्या मृत्यूचा दाखला आला की."

केरबा विचारात पडला. तेव्हा हौसा म्हातारी झालेली असणार, एकटी असणार. त्या दाखल्यासाठी बिचारी किती हेलपाटे घालील? त्याला तिची फार कणव आली. त्याने थेट ग्रामपंचायत गाठली. ग्रामसेवक नवा होता आणि मान खाली घालून लिहीत होता.

"कोण वारलं?"

"केरबा पाटकरी."

"कधी?"

"तुमच्या सोयीनं."

ग्रामसेवकाने कालची तारीख टाकली. "तुम्ही कोण त्यांचे?"

"लई जवळचा."

दाखला घेऊन केरबा कचेरीत गेला. चौगुले भाऊसाहेबांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी दाखला ठेवून घेतला. पुढच्या महिन्यात केरबाची पेन्शन थांबली आणि हौसाला निम्मी सुरू झाली.

"बघ," केरबा म्हणाला, "तुला एक हेलपाटा पडला न्हाई."

हौसाने डोळ्यांना पदर लावला आणि रडायला बसली. "धडधाकट नवरा समोर बसलाय आन् मी कागदावर विधवा झाले. ह्ये आधी निस्तरा."

केरबाला तिचं रडणं बघवेना. दिवसभर कालव्यावर बसून त्याने विचार केला. मग तिला देवळात नेलं, गुरवाकडून दोन हार घेतले, एक तिच्या गळ्यात घातला, एक आपल्या.

"झालं. आता तू विधवा न्हाईस."

हौसाला रडता रडता हसू आलं. या वयात हार घालणारा नवरा कुणाला मिळतो? "बरं, आता कचेरीत जाऊन सगळं सांगून या," ती म्हणाली.

केरबा हारासकट निघाला.

"बाई, हौसाबाईचं लग्न झालं. आत्ताच."

बाईंनी कागद काढला. "मयत केरबा पाटकरींच्या पत्नी ना? विधवेनं पुन्हा लग्न केलं की इथं पेन्शन बंद होते." त्यांनी शिक्का मारला. "पण तडक कळवलंत हे फार चांगलं केलंत. लोक वर्ष वर्ष सांगत नाहीत."

केरबाची छाती फुगली. घरी आल्यावर तो दारातूनच म्हणाला, "हौसा, या खेपेला बाईंनी शाबासकी दिली. आता हेलपाटंच न्हाईत. तुझं नि माझं, दोघांचंबी काम कायमचं मिटवून आलो."