पंगतीतले डोंगर

एका ओतशाळेत एक वृद्ध धातुकार निकेलच्या सळ्या ओतवून घेत असे. वजन टांगून शंभर तास लालबुंद भट्टीत ठेवल्यावरही जी लांबणार नाही, तीच सळी त्याला पसंत पडे. सळ्या ओतण्याचे काम त्याच्या शिष्याचा थोरला भाऊ करी. उन्हाळ्यात तो तापाने गेला. त्याची जागा आता धाकट्याला हवी होती; अट एकच, सळी टिकली पाहिजे.

धाकटा उतावळा. शुद्ध तेच उत्तम, या समजुतीने त्याने पहिली सळी नुसत्या निकेलची ओतली. ती पाकाच्या तारेसारखी ताणली गेली. भाऊ निकेलमध्ये टंगस्टन हा जड धातू बेताने मिसळी. धाकट्याने तिप्पट घातले. सळी बाराव्या तासाला काडकन तुटली.

"दादाची जागा माझ्या नशिबी नाही, आबा," असे म्हणून तो जेवायलाही उठेना.

म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून अंगणात नेले. तिथे बाकांवर कामगारांची पंगत बसली होती.

"मंडळी, एकेक जागा उजवीकडे सरका!"

क्षणात रांग सरकली. मग त्याने ओतशाळेच्या सहा धिप्पाड हमालांपैकी दोघांना रांगेत दूरदूर बसवले. "आता सरका!"

"कसं सरकू? हा डोंगर हलेल तेव्हा ना!" एकजण ओरडला.

"आधी वाढा, मग हलतो," डोंगर म्हणाला.

हशा पिकला. मग म्हाताऱ्याने सहाच्या सहा हमाल एकाच बाकावर बसवले. बाक मोडला आणि सारे ताटांसकट खाली आले. कित्येक दिवसांनी शिष्य खळखळून हसला.

म्हातारा म्हणाला, "लेका, तापलेल्या धातूतले कण असेच जागा सोडून सरकतात, म्हणून सळी लांबते. जड कण मधूनमधून बसले की सरकणाऱ्यांची वाट अडते. पण त्यांची गर्दी झाली की ते एका जागी गोळा होतात आणि तिथेच भेग पडते. तुझं दुःखही तू एका जागी कोंडलंस. चार माणसांत मिसळू दे ते. दादा काय तुझ्या एकट्याचा होता?"

शिष्य पानावर बसला. भावाने एकदा घाईत स्वतःचीच चप्पल भट्टीत कशी टाकली, ते तो सांगू लागला. पंगत हसून लोळली. त्याचे आणि म्हाताऱ्याचे डोळेही भरले.

पुढची सळी त्याने भावाच्या बेतानेच ओतली. शंभर तासांनी म्हाताऱ्याने ती मापली. लांबी जशीच्या तशी होती.

"मग आता ही जागा कोणाची?" त्याने विचारले.

"आमची दोघांची," शिष्य म्हणाला.