‘माग’ म्हणणारं यंत्र

“नवस बोललीस खरा, पण मागितलंस काय?”

कृष्णाक्कांनी मला असं विचारलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिरात त्या पोथी सांगायच्या. मी शुक्रवार धरले होते, आणि मागणं सांगताना जीभ अडखळली होती.

“काही सुचेना, आक्का.”

“मग न मागताच कर.”

मी तसेच केले. ते शुक्रवार मला फार गोड गेले.

पुढं ते आठवले धाकट्या भावामुळं. व्हिडिओ नुकते घरोघर येऊ लागले होते, तेव्हाची गोष्ट. धैर्यशील सिनेमा काढत होता. भीतीचाच, पण भुताचा नव्हे, यंत्राचा. यंत्र म्हणतं, माग. माणूस मागतो, हात पुढं करतो. यंत्र मागितलेलं देतं… आणि माणसाला आत ओढून घेतं.

हाताशी फारसं काही नव्हतं. गावाबाहेरच्या गुऱ्हाळात उसाचा चरक होता, त्यालाच त्यानं पत्रे ठोकले, चंदेरी रंग मारला, गणपतीतली लुकलुकणारी माळ गुंडाळली. आत टेपरेकॉर्डर. आवाज त्याचा स्वतःचाच.

शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून ऊस येणार, चरक मालकाला मोकळा करून द्यायचा. नायकही धैर्यशीलच. चालत्या चरकात पहार खुपसून तो यंत्र बंद पाडणार होता.

चरक पहारीसकट हात ओढतो, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

मी आक्कांना घेऊन गुऱ्हाळावर गेले.

“ताई, ह्यांना कशाला त्रास दिलास?” तो पहार घेऊनच उभा होता. “आक्का, पाया पडतो. पण आज अडवू नका. हा सिनेमा मी पुरा करणारच.”

“कर की. अडवतंय कोण? पण मालकाचा चरक मोडला तर?”

“मोडल्यासारखं नुसतं दाखवायचं, आक्का.”

“आणि हात? तोसुद्धा गेल्यासारखा नुसता दाखवता येतोय व्हय रे?”

त्यानं पहार या हातातून त्या हातात घेतली.

“दुसरा शेवटच नाही,” तो म्हणाला. “स्फोट करायची आमची ऐपत नाही. आणि यंत्र हरायला तर पाहिजे!”

“चालू कर बघू.”

चरक घरघरू लागला. माळ लुकलुकली. आतून घोगरा आवाज आला.

“माग… काय हवं ते माग…”

आक्का पुढं झाल्या. चरकापासून चार हात लांब त्या थांबल्या. पदर घट्ट आवळून घेतला, आणि दोन्ही हात जोडले.

“काही नको रे बाबा. सकाळपासून ओरडतोयस, तुझाच घसा बसला असंल.”

कॅमेरावाला फिसकन हसला.

“माग…”

आक्का उभ्याच. हात जोडलेले.

“माग… माग…”

आता कुणी हसेना. तोच आवाज, पण हळूहळू विनवणीसारखा ऐकू येऊ लागला.

“माग ना…”

मग टेप संपली. खट्.

चरक नुसता फिरत राहिला, रिकामा.

धैर्यशीलच्या दंडावर काटा आलेला मला दिसत होता. त्यानं पहार भिंतीला टेकवली.

“कॅमेरा लावा,” तो म्हणाला. “मी नुसता उभा राहणार आहे.”

मी देवाचं नाव घेतलं. आक्का चपला घालायला वळल्या, तसा तो मागोमाग धावला.

“पण आक्का… लोकांना पटंल का हे? टाळ्या तरी पडतील?”

आक्कांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

“तुझ्या बहिणीनं शुक्रवार केले ना, तसं कर, लेकरा. लोकांपुढंसुद्धा… हात जोडूनच उभा राहा.”