ढवळ्याच्या पोटातली किल्ली

मोरखिंडी गावातल्या पॉलिटेक्निकात गेणूमामा नावाचे एक भोळे शिपाई होते. सांगितलेलं काम शब्दन् शब्द करायचे. तिथंच सगळा घोळ होता.

पोरांनी ढवळ्या नावाचा रोबो बनवला होता. त्याच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर. लांबून लॅपटॉपवरून त्यात शिरायचं आणि हुकूम सोडायचा: चाल, थांब, झाकण उघड. संध्याकाळी ढवळ्याला बंद करायचं काम मामांकडे आलं. टीमची प्रमुख शर्वाणी म्हणाली, "मामा, हा पासवर्ड. कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही."

संध्याकाळी लॅपटॉपनेच पासवर्ड विचारला. मामा हाताची घडी घालून गप्प. सकाळी बघतात तर ढवळ्याची बॅटरी संपलेली.

शर्वाणीने कपाळावर हात मारला. "अहो, विचारला की सांगायचा!"

"असं होय! आता समजलं."

टपरीवर चहा पिताना दुसऱ्या कॉलेजच्या एका पोराने सहज विचारला. मामांनी सांगितला. वर कागदावर लिहूनही दिला. दुपारी ढवळ्या उलटा चालत प्राचार्यांच्या केबिनमध्ये शिरला.

"पासवर्ड बंद!" शर्वाणी म्हणाली. तिने प्रत्येकाला पेन ड्राइव्हवर एकेक डिजिटल किल्ली करून दिली आणि सगळ्या किल्ल्यांची यादी ढवळ्याच्या कॉम्प्युटरात भरली. यादीतली किल्ली असेल तोच आत जाणार. "चोराला सुचणार नाही अशा जागी ठेवा, मामा. आणि ढवळ्याच्या यादीत अनोळखी किल्ली दिसली की पुसून टाका."

"आता समजलं!"

स्पर्धेचा दिवस उजाडला. शर्वाणीचं हे शेवटचं वर्ष. नियम कडक होता. रोबोला हात लावला की बाद, पाच मिनिटांत चालला नाही तरी बाद. शर्वाणीने लॉगिन केलं. ढवळ्या तिला आत घेईना. पुन्हा केलं. छे!

"मामा, यादीला हात लावलात?"

"हो तर. माझी किल्ली ठेवली. बाकी चार मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. पुसल्या."

शर्वाणीने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं उरली होती. "मग तुमची द्या, लवकर! कुठंय?"

मामांचा चेहरा खुलला. "चोराच्या बापालाही सापडायची नाही. काल ढवळ्याच्या पोटात टाकली आणि वरून झाकण दाबलं."

"अहो, ते झाकण हुकमाशिवाय उघडत नाही! आणि हात लावला तर आपण बाद!" ती रडकुंडीला आली.

"त्यात रडायचं काय, ताई?" मामांनी खिशातून चिमटा काढला. "मी हात लावतच नाही. तुम्ही फक्त आत शिरून झाकण उघडा, किल्ली मी काढून देतो."